तिसऱ्या वाक्याची झील

वाक्य तिसरे. शेवटचे. सकाळी साडेदहा.

"माळगव्हाण येथील सात कुटुंबांच्या गायरानातील उभ्या सोयाबीनवर यंत्र फिरवणारे सरपंच शिवम किशनराव यांचा हा संघ जाहीर निषेध करतो."

धम्मप्रिया सांगत होती, आरती टाइप करत होती. 'शिवम' लिहिताना आरतीची बोटं थांबली नाहीत. 'किशनराव' लिहिताना थांबली.

"झालं?"

"आडनाव?"

"आपल्या कागदावर आडनाव नसतंय वहिनी. तुला काय नवीन सांगायचं."

नवीन नव्हतंच. गोदाकाठ लोककलावंत कामगार संघाच्या कागदावर चाळीस वर्षांत आडनाव आलेलं नाही. आडनावावरून जात कळते, म्हणून अध्यक्ष शाहीर व्यंकटरावांनी, आरतीच्या सासऱ्यांनी, पहिल्याच वर्षी ठरवलं: माणसाचं नाव, पुढं बापाचं. सभासद असो, मंत्री असो, ज्याचा निषेध करायचा तो असो. बाईनं नवरा लावायचा की बाप, ते तिचं तिनं बघावं. आरतीनं लग्न झाल्यापासून 'आरती सुगत' लावलं होतं.

शिवम तिचा सख्खा भाऊ. किशनराव तिचे आबा, संघाचे उपाध्यक्ष. ते आत्ता लातूरहून येणाऱ्या गाडीत, मांडीवर ढोलकी घेऊन, अहमदपूरच्या पुढं कुठं तरी होते.

सकाळी शिवमचा फोन आला होता. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"आरते, नांदेडहून कागद निघून राहिलाय म्हणं."

"सभा हाय आज."

"काढा कागद. मला काय. पण माझं नाव आलं तर पोळ्याला येऊ नको. अन् पुढच्या पंचमीला बी. आईला सांगून ठिवलंय मी."

"आई काय म्हणली?"

"आई काय म्हणणार?"

नऊ वर्षं तिला माहेर नव्हतं. सुगतशी लग्न केलं त्या दिवसापासून. या पंचमीला आईनं, कस्तुराबाईंनी, स्वतः फोन करून बोलावलं. आरती दोन दिवस राहिली, लिंबाला बांधलेल्या झोक्यावर बसली, आईच्या हातून बांगड्या भरून घेतल्या. त्या हिरव्या बांगड्या अजून हातात होत्या. टाइप करताना लॅपटॉपच्या कडेवर वाजत होत्या.

धम्मप्रियाला तो आवाज ऐकू येत होता. ती म्हणाली, "आता वरून वाचून दाखव."


इतिवृत्त. वहीतून.

कार्यकारिणी सभा. स्थळ: अध्यक्षांचे घर, विष्णुपुरी रस्ता. उपस्थित: अध्यक्ष व्यंकटराव, उपाध्यक्ष किशनराव, सचिव धम्मप्रिया, सदस्य सरजाबाई, सुगत, चंद्रप्पा. टंकलेखनास आरती (सभासद नाही). विषय एकच.

वेळ अजून लिहायची होती. शेवटची ओळ मात्र धम्मप्रियानं आधीच लिहून टाकली: 'उपाध्यक्ष साडेतीनच्या गाडीने परत.' वहीच्या मागच्या पानांवर तीच ओळ होती, त्याआधीच्या वह्यांतही, बाबांच्या हस्ताक्षरात. किशनकाका चाळीस वर्षं या घरात येत होते. चहा घेत, जेवत, पहिल्यापासून जेवत, त्यात त्यांनी कधी कमी केलं नाही. पण मुक्काम नाही. कार्यक्रम लांबला तर स्टँडवर बसून राहायचे, पण या घरात अंथरूण नाही. कुणी विचारलं नव्हतं. बाबांनी वहीत लिहून ठेवलं, एवढंच.

आणि मधली नऊ वर्षं? ती तर धम्मप्रियाला अजून कळलेली नाहीत. पोरीशी बोलत नव्हते, जावयाशी बोलत नव्हते, आणि दर कार्यक्रमाला त्याच जावयाच्या शेजारी बसून ढोलकी वाजवत होते. सुगत हलगीवर, काका ढोलकीवर. ताल बदलायचा झाला की मान हलवायचे. मान हलवणं हे बोलणं नाही, असं त्यांचं ठरलेलं असावं.


बारा वाजता.

"मला एक सांगा शाहीर," चंद्रप्पा म्हणाला. तो उदगीरच्या बँड पार्टीत क्लॅरनेट वाजवायचा आणि आल्यापासून घाम पुसत होता. "आपण वाजवणारे लोक. ह्यात आपलं काय हाय? उद्या लग्नाची सुपारी द्यायला येणारा माणूस इचारंल, तुमी कोन्च्या पार्टीचे? मी म्हणनार, बँड पार्टीचे. त्याला हसू येनार न्हाई."

सुगत हसला. व्यंकटराव हसले नाहीत. दोन वर्षांपूर्वीच्या आजारपणानंतर त्यांना हसण्यात श्वास घालवायचा नसायचा.

"सात घरं. त्यातली तीन हलगीवाल्यांची. आपले सभासद. बरोबर?"

"बरोबर."

"हलगीवर किती महिने पोट भरतंय?"

"लग्नसराई. चार महिने धरा."

"अन् आठ महिने?"

चंद्रप्पानं पुन्हा घाम पुसला.

"आठ महिने गायरान. दोन-दोन एकर. म्हणजे माणूस वाजवतो कशाच्या जोरावर? सोयाबीनच्या. तू म्हणतो आपलं काय हाय."

"पण सरकारी कामात..."

"गायरानावर सौर प्रकल्प होऊ द्या की," धम्मप्रिया म्हणाली. "पीक निघंपर्यंत थांबा, एवढंच लोक म्हणून राहिले होते. महिना-दीड महिना. थांबला न्हाई तो. निवडणुकीच्या आधी भूमिपूजन पायजे त्याला."

'तो' म्हणताना तिनं किशनरावांकडं पाहिलं नाही. किशनराव भिंतीला टेकून बसले होते. ढोलकी खोळीतून काढलेली नव्हती.

"किशनराव," व्यंकटराव म्हणाले, "तुमी बोला."

"मी काय बोलू शाहीर. तुमी वाचा. माझी थाप पडली तर पडली."

संघाचा हा दुसरा नियम. शाहीर ओळ म्हणतो, मागचे झीलकरी ती उचलून धरतात. झील आली नाही तर ओळ पडते. जलशात तसं, तसंच कागदाचं. नामांतराच्या दिवसांत एक पत्रक गेलं होतं, खाली अकरा सह्या. पोलीस दारात आल्यावर सात जण म्हणाले, आम्ही वाचलंच नव्हतं. पुढं संघ नोंदवला तेव्हा व्यंकटरावांनी सह्याच बंद केल्या. कागद उभं राहून मोठ्यानं वाचायचा. शेवटची ओळ सगळ्यांनी उचलायची. एक आवाज कमी आला तरी कागद फाडायचा. कोण गप्प राहिलं ते सगळ्यांना ऐकू येतं. कारण विचारायचं नाही. ढोलकीवाला गात नाही, तर त्याची थाप हीच झील.

सुगत म्हणाला, "नाव काढून टाकू. 'संबंधितांचा निषेध' असं लिहू."

"संबंधित कोण असतंय दादा? त्याला घर असतंय का? गाव असतंय?"

"धम्मे, तुला माहीत हाय मी कामून म्हणतोय."

"हाव. माहीत हाय. मामाच्या रानाचे फोटो बी माहीत हायत मला."

मामा म्हणजे सरजाबाईंचा भाऊ. सात घरांतलं तिसरं घर त्याचं. सरजाबाई माळगव्हाणच्याच. आरतीही माळगव्हाणची. एक गायरानाकडच्या वस्तीतली, एक चावडीसमोरच्या घरातली. सासू-सुना एकाच गावच्या लेकी. लग्नात लोकांनी यावरून थट्टा केली होती की भांडण झालं तर दोघी एकाच गाडीत बसून माहेरी जातील.


वाक्य तिसरे. पाऊण वाजता.

"उभ्या सोयाबीनवर यंत्र फिरवणाऱ्या संबंधितांचा..." (खोडले)

"यंत्र फिरवण्याचा ठराव करणाऱ्या ग्रामपंचायतीचा..." (खोडले. धम्मप्रिया: ग्रामपंचायत यंत्रावर बसली होती का?)

"सरपंच शिवम किशनराव यांचा..." (कायम)


स्वयंपाकघर.

सरजाबाई वरणाला फोडणी देत होत्या. आरती दारात उभी राहिली, मग आत आली, मग तिनं उगाच कोथिंबीर धुवायला घेतली.

"धुतलेली हाय ती."

"मामी." सासूला ती मामी म्हणायची.

"बोल."

"मी मेंबर न्हाई. मला झील न्हाई."

"हाव."

"तुमी गप राहिल्या तर कुणी कारण इचारणार न्हाई."

सरजाबाईंनी गॅस बारीक केला. पन्नास वर्षं त्या झीलकरी. शाहिराच्या मागं उभं राहायचं, त्याचा शब्द संपायच्या आधी आपला उचलायचा. लोकांना शाहीर आठवतो. मागची बाई फक्त ती गप्प झाल्यावर आठवते. हे त्यांना माहीत होतं आणि त्याचं त्यांना वाईट वाटत नव्हतं.

"माझ्या भावाचं रान गेलं आरती."

"माहीत हाय मला."

"वयनी रडत होती फोनवर. म्हणली, शेंगा दाताखाली धरून बघितल्या होत्या, दूध भरलं होतं."

आरतीनं जुडी हातात धरून ठेवली. कोथिंबिरीचं पाणी निथळत राहिलं.

"पंचमीला तू गेली, तवा दोन दिवस मी दाराकडं बघत बसले होते," सरजाबाई म्हणाल्या. "वाटलं, परत पाठवतेत की काय संध्याकाळच्या गाडीनं. तिसऱ्या दिवशी तू आली. हात भरून आली. मी तुझ्या सासऱ्याला म्हणलं, बगा, झालं एवढं आपल्या डोळ्यासमोर."

त्यांनी वरणावर झाकण ठेवलं.

"न्हाई घेत मी झील. जा. तोंड धू."


वाचन. किशनराव.

शाहीर उभे राहिले. सगळे उभे राहिले. किशनराव बसले, कारण ढोलकीवाला बसतो. खोळ काढली. पुडीच्या चामड्यावर हात ठेवला, नुसता ठेवला. बसमधून येतानाच त्यांनी ठरवलं होतं: हात उचलायचा नाही. पोरगा चुकला, हे त्यांनी पोराला घरात सांगितलं होतं. घरात सांगितलं ते नांदेडच्या कागदावर कशाला? आणि पोरीचं माहेर नुकतंच उघडलं होतं, ते कुणी मिटवलं होतं हेही त्यांना माहीत होतं.

पहिलं वाक्य झालं. दुसरं झालं. शाहिरांचा आवाज जुन्या चौकातल्या आवाजासारखा निघाला, बारीक पण लांब जाणारा. निषेधाचा कागद असो की पोवाडा, ते खाली बघून वाचत नसत.

"उभ्या सोयाबीनवर यंत्र फिरवणारे..."

इथं श्वास पुरेल असं वाटलं.

"...सरपंच शिव..."

तुटला. शाहिरांचं तोंड उघडं राहिलं आणि आवाज आला नाही. अर्धा क्षण. तेवढ्यात मागून सरजाबाईंचा आवाज उठला, खणखणीत, वरच्या पट्टीत: "शिवम किशनराव यांचा जाहीर निषेध करतो जी!" त्यावर सुगतचा "जी!", धम्मप्रियाचा, चंद्रप्पाचा, आणि सगळ्यांच्या खाली एक थाप, भरीव, समेवर.

किशनरावांनी आपल्या हाताकडं पाहिलं.

 शाहीर खुर्ची धरून खाली बसले. सुगतनं पाणी दिलं.

"मंजूर," धम्मप्रिया म्हणाली.

"न्हाई," सरजाबाई म्हणाल्या.

"काय न्हाई? झील आली की."

"मी झील न्हाई दिली. ह्यांचा श्वास भरला मी."

"आई, आवाज तुझाच होता. सगळ्यांनी ऐकला."

"आवाज माझा होता, माझं म्हणणं न्हाई ते. पन्नास वर्षं ह्यांचा श्वास तुटला की माझं तोंड उघडतंय. झोपेत बी उघडंल. मी गप राहणार होते." त्या थांबल्या. कारण सांगायचं नसतं. तरी सांगून टाकलं. "आरतीला शब्द दिला होता."

आता सगळे आरतीकडं बघत होते. ती लॅपटॉपजवळ उभी होती, एका हातानं दुसऱ्या हातातल्या बांगड्या दाबून धरलेल्या, वाजू नयेत म्हणून.

"माझी थाप बी तसलीच," किशनराव म्हणाले. "वैनीचा आवाज आला अन् हात गेला. माझी बी धरू नका."

"अय्यो," चंद्रप्पा म्हणाला, "मग माझी तरी धरायची का न्हाई? मी तर सगळ्यांची आली म्हणून दिली."

या वेळी कुणीच हसलं नाही.

व्यंकटरावांनी हात वर केला. "कागद फाडा."

"बाबा!"

"नियम हाय, धम्मा. आवाज चुकून आला, तो धरायचा न्हाई. सह्या बंद केल्या त्या ह्याच्यासाठीच. फाडा."

"अन् सात घरं? त्यांना काय सांगू, आमच्या झीलकरीनीला माहेरपण आडवं आलं?"

सरजाबाईंनी लेकीकडं पाहिलं. "मामा तुझा हाय. आधी माझा भाऊ हाय तो. मला शिकवू नको."

धम्मप्रिया वहीकडं वळली. वही उघडली, पेन उघडलं, काही लिहिलं नाही.


आरती.

तिला वाटत होतं, कुणी तरी तिला बोलावं. स्वार्थी म्हणावं. म्हणजे तिला उलट बोलता आलं असतं. पण या घरात नियम होता, कारण विचारायचं नाही, आणि ते नियम पाळत होते. सुगतसुद्धा. तो पाण्याचा तांब्या धरून उभा होता आणि तिच्याकडं असं बघत होता की तू म्हणशील ते. मदत म्हणून त्याचा काहीच उपयोग नव्हता.

शिवम काय म्हणेल, तेही तिला माहीत होतं. कागद निघाला तरी म्हणेल, नांदेडच्या लोकांना आमच्या गावातलं काय कळतं. बाहेरचे लोक. आणि नाही निघाला तर तिला पोळ्याला बोलावेल. पुरणपोळी असेल. झोका पुन्हा पंचमीला. त्यावर बसलं की पलीकडं गायरान दिसतं. या पंचमीला हिरवं दिसलं होतं.

"मामा," ती सासऱ्यांना म्हणाली, "कागद वाचायला मेंबर असावं लागतंय का?"

व्यंकटरावांनी थोडा विचार केला. "झील द्यायला लागतंय. वाचायला लागतंय असं कुठं लिवलेलं न्हाई."

"मग पुन्हा वाचायचा का एकदा? मी वाचते."

ती बसली. तिसऱ्या वाक्याखाली गेली. चौथं टाइप केलं. बांगड्या वाजल्या, वाजू दिल्या. प्रिंट काढला नाही. लॅपटॉपच उचलून दोन्ही हातांत धरला आणि उभी राहिली. तिला शाहिरी येत नव्हती. बँकेत फॉर्म वाचून दाखवतात तसं तिनं वाचलं.

पहिलं वाक्य. दुसरं. तिसरं, शिवम किशनराव यांच्यासकट, न थांबता.

सरजाबाई गप्प होत्या. शेवटच्या ओळीपर्यंत कुणी काही म्हणायचं नसतं.

"हे निवेदन वाचणारी आरती किशनराव ही वरील सरपंचांची सख्खी बहीण असून, तिचा या निवेदनाला पाठिंबा आहे."

किशनरावांनी आपलं नाव एका कागदात दोनदा ऐकलं. त्यांनी ढोलकी मांडीवरून काढली आणि बाजूला ठेवली. पुडी भिंतीकडं करून ठेवली.

थाप येणार नाही, हे धम्मप्रियाच्या लक्षात आलं. तिनं पेनाला टोपण लावलं.

"पाठिंबा आहे जी," सरजाबाई म्हणाल्या. गायल्या नाहीत. म्हणाल्या. आरतीकडं बघून.

सुगत. चंद्रप्पा, यावेळी इकडं तिकडं न बघता. धम्मप्रिया. व्यंकटरावांचा आवाज धाग्यासारखा बारीक.

मग थांबलं. एक आवाज कमी होता. आरती लॅपटॉप धरून उभी राहिली. रस्त्यावरून एक टमटम गेली, वळण घेईपर्यंत ऐकू येत राहिली.

"हाय जी."

बेसूर होता. चाळीस वर्षांत त्या खोलीत कुणी किशनरावांचा गाता आवाज ऐकला नव्हता, आणि तो ऐकण्यासारखा नव्हताही. त्यांनी घसा खाकरला आणि पुन्हा म्हटलं, कारण पहिल्यांदा म्हटलेलं आपलंच आपल्याला पुरेसं ऐकू आलं नव्हतं.

"पाठिंबा हाय जी."


दोन वाजून चाळीस मिनिटं.

सात वर्तमानपत्रांना मेल गेला. लातूरच्या दोन, नांदेडच्या पाच. कार्यकारिणीच्या ग्रुपवर गेला. तिथून कुठं गेला ते कुणाच्या हातात नव्हतं. तीन वाजायच्या आधी आरतीचा फोन वाजला, तिनं नाव बघितलं आणि वाजू दिला. मग किशनरावांचा वाजला. त्यांनीही नाव बघितलं. चष्मा नव्हता, तरी बघितलं.

जेवणं झाली. वरण निवलं होतं. चंद्रप्पा उदगीरच्या गाडीला निघाला, जाताना म्हणाला, "शाहीर, आता कोनी इचारलं कोन्च्या पार्टीचे, तर काय सांगू?"

"बँड पार्टीचे," व्यंकटराव म्हणाले.

सव्वातीन झाले. सुगतनं गाडीची किल्ली घेतली. "काका, चला. स्टँडवर सोडतो. साडेतीनची चुकंल."

किशनराव ढोलकीला खोळ घालत होते. नाडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली.

"वैनी," ते म्हणाले. आवाज अजून बसलेला होता. "आज हितंच टेकावं म्हणतो."

सरजाबाईंनी ताटं उचलता उचलता त्यांच्याकडं पाहिलं. मग आरतीकडं.

"मग संध्याकाळला भाकरी चार जास्तीच्या लागतेत. आरती, ज्वारीचं पीठ हाय का बघ. नसंल तर दळून आण. तुझ्या बापाला गव्हाची चालत न्हाई."

आरती डबा बघायला गेली. पीठ होतं. तिनं झाकण लावलं, आणि थोडा वेळ तिथंच, डब्यावर हात ठेवून उभी राहिली.

धम्मप्रियानं वही ओढली. वेळ लिहिली. सकाळीच लिहून ठेवलेली शेवटची ओळ एका रेघेत खोडली, आणि खाली लिहिलं:

निवेदन मंजूर. आवाज सहा. उपाध्यक्ष मुक्कामी.